शुभाकाकूंचं तळं

कादंबरी वैरागडे माशांचं काम करते असं कळलं की स्टेट कॉलेज या गावातल्या मराठी मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असत. पहिला, "म्हणजे फिश फार्म आहे का?" आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, "पण तुम्ही तर व्हेजिटेरियन ना?" ती हसत हसत सांगायची की फार्म वगैरे काही नाही, डोंगरातल्या ओढ्यांमधले रानमासे आहेत. आणि हो, व्हेजिटेरियनच आहे, त्यामुळे माशांचा माझ्यावर विश्वास बसतो.

मध्य पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ पट्ट्यात थंड पाण्यातले मासे टिकावेत म्हणून एक संस्था काम करायची, आणि त्या सगळ्या विभागाची ती प्रमुख होती. मासे म्हणजे मुख्यतः ब्रूक ट्राउट. वीतभर लांबीचा, पाठीवर वेलबुट्टीसारखी नक्षी, अंगावर निळ्या कड्यांत बसवलेले लाल ठिपके. दिसायला देखणा आणि तब्येतीने नाजूक. पाणी कोमट झालं की त्याचा जीव घाबरा होतो आणि तो ओढ्यातून वर वर, डोंगराकडच्या थंड पाण्याकडे निघतो. वाटेत कुणी बांध घातलेला असला किंवा रस्त्याखालचा पाइप पाण्याच्या वर लटकत असला की तो तिथेच अडकतो. असे अडसर शोधायचे आणि काढायचे, हे कादंबरीचं काम. त्यात मासे थोडे आणि माणसंच फार. कुणाची जमीन, कुणाचा रस्ता, कुणाचा मान.

एम.एस. करायला म्हणून ती नागपूरहून आली आणि इथलीच झाली. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या मुलीला थंड पाण्याचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही, असं ती म्हणायची. प्रमुख झाल्यावरच्या पहिल्याच सभेत एका म्हाताऱ्या गळवाल्याने तिला सरळ विचारलं होतं, "तू स्वतः मासे धरतेस का?" ती म्हणाली होती, "नाही. म्हणून तर तुमच्यासाठी जास्त उरतात." सभा हसली, म्हाताराही हसला, आणि तिचं बस्तान बसलं.

हेमलॉक रन नावाच्या ओढ्यावर तिने बरीच वर्षं घालवली होती. त्याच्यावर चार अडसर होते. तीन रस्त्याखालचे पाइप, ते एकेक करून बदलून झाले. चौथा मात्र खासगी जमिनीतला दगडमातीचा बांध होता, आणि त्याच्यामागे चांगलं मोठं तळं होतं. उन्हाळ्यात ते तळं तापायचं आणि तेच तापलेलं पाणी खालच्या सगळ्या ओढ्यात उतरायचं. हा बांध राहिला तर आधीची तिन्ही कामं जवळजवळ वाया जाणार होती.

तिची सहकारी मेगन हिने नकाशावर बोट ठेवलं. "मालक, डॉक्टर हळबे. हे तुमच्यापैकी का?"

"असतील," कादंबरी म्हणाली.

"ग्रेट! मग तूच जा."

कादंबरीला ते फारसं आवडलं नाही. अनोळखी माणसाला नकाशे आणि आकडे दाखवणं सोपं असतं. मराठी घरात गेलं की आधी चहा येणार, मग गाव विचारणार, मग काका म्हणावं लागणार, आणि एकदा काका म्हटलं की त्यांच्याच अंगणातली वस्तू मोडायची गोष्ट कोणत्या तोंडाने काढायची?

झालंही तसंच. डॉक्टर चारुदत्त हळबे मूळचे सांगलीचे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेले, अल्टूनाला हृदयाचे डॉक्टर म्हणून उभी हयात काढलेले. आधी सुट्टीपुरतं असलेलं ओढ्याकाठचं हे लाकडी घर रिटायर झाल्यावर त्यांनी कायमचं केलं होतं. ऐंशीच्या घरातले, पण ताठ. बायको शुभाकाकू सावंतवाडीच्या. बारीक चणीच्या, बोलणं कमी. त्यांनी चहा दिला, पोहे दिले, आणि कादंबरी मासे खात नाही हे ऐकून तिच्याकडे कौतुक आणि कीव यांच्या मधल्या कुठल्यातरी नजरेने पाहिलं.

कादंबरीने नकाशा उलगडला. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कादंबरी, तुझं काम चांगलं आहे. आय रिस्पेक्ट इट. पण हे तळं शुभाचं आहे. ही इथे आली ना, तेव्हा तिला सावंतवाडीच्या मोती तलावाची फार आठवण यायची. मी स्वतः उभं राहून हा बांध घालून घेतला. दगड मी निवडलेत. मी आहे तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही."

कादंबरीने काकूंकडे पाहिलं. काकू कपबशा उचलत होत्या. "पोहे घे ना अजून," एवढंच त्या म्हणाल्या.

नकार इतका मायेने आला होता की त्यावर वाद घालणं तिला जमलं नाही. उठता उठता तिने एकच विचारलं. "काका, तळ्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन थर्मामीटर पाण्यात ठेवू? नुसतं मोजायला."

"मोज की," काका म्हणाले. "मोजायला माझी कधीच हरकत नसते."

बस, तिथेच मासा गळाला लागला, असं मेगन पुढे सगळ्यांना सांगायची. कादंबरीला तसं काही वाटलं नव्हतं. पण जूनमध्ये तिला काकांचे फोन येऊ लागले. थर्मामीटरचे आकडे तिच्या कॉम्प्युटरवर आपोआप येत होते, तरी काकांनी स्वतःचा एक वेगळा थर्मामीटर आणला होता, आणि रोज सकाळ-संध्याकाळ ओढ्यावर राउंड सुरू झाला होता.

"कादंबरी, वरून येणारं पाणी साठ फॅरेनहाइट. खाली पडणारं एकाहत्तर. हे नॉर्मल आहे का?"

"नाही काका. अडुसष्टच्या वर गेलं की त्यांना त्रास व्हायला लागतो."

"हं." मग कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज. "अगं, पण मध्ये तर फक्त माझं तळंच आहे."

"हो काका."

"ठीक आहे, ठीक आहे, ठेवतो." आणि फोन बंद.

ती मुद्दाम पुढे काही बोलायची नाही. नवरा नकुल एकदा म्हणाला, "अगं, लोहा गरम आहे यार, आत्ताच विचारून टाक." ती म्हणाली, "त्यांनी आयुष्यभर लोकांना वाईट बातम्या सांगितल्या आहेत. त्यांना कळतंय काय चाललंय ते. मी कशाला घाई करू?"

जुलैमध्ये कडक उन्हाची लाट आली. पावसाचं नाव नाही, ओढे आटून दगडांच्या मधून वाट काढत वाहणारे. अशा दिवसांत कादंबरीचा जीव थाऱ्यावर नसायचा. सहा काउंट्यांमधले ओढे, आणि कुठे काय होत असेल याची सतत धास्ती. एका सकाळी काकांचा फोन आला, पण या वेळी आकडा नव्हता.

"तू येऊ शकतेस का? आत्ता? काहीतरी वेगळं आहे."

ती आणि मेगन तासाभरात पोचल्या. काका बांधाच्या खाली, फोल्डिंगच्या खुर्चीत, डोक्यावर हॅट घालून बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खाली दाखवलं.

बांधाच्या पायथ्याशी, डाव्या अंगाला, दगडांच्या फटीतून एक बारीक झरा पाझरत होता. ती बादलीभर पाण्याची जागा काय ती थंड. त्या जागेत मासे उभे होते. एकाला एक खेटून, सगळ्यांची तोंडं बांधाकडे, कल्ले भराभर हलताहेत. पंखांच्या पांढऱ्या कडा तेवढ्या थरथरत होत्या. एरवी माणसाची सावली पडली तरी बाणासारखे पळणारे मासे, पण आज कुणी जागचं हलत नव्हतं.

"हे सगळे खालून आलेत?" काकांनी हळूच विचारलं.

"मैलभर लांबून आले असतील. तीन पाइप बदलले ना आम्ही, म्हणून इथवर पोचले." तिची नजर बांधावर गेली.

"वर थंड पाणी आहे हे कसं कळतं त्यांना?"

"वासावरून, पाण्याच्या चवीवरून. नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण कळतं."

काकांनी खुर्ची पाण्याच्या आणखी जवळ सरकवली. मग म्हणाले, "सकाळी एक बगळा आला होता. हाकलला मी. आता दुपारभर इथेच बसणार आहे. तू काळजी करू नकोस." त्यांचा आवाज डॉक्टरचा होता, पण हॅटखालचे डोळे तसे नव्हते.

मेगनने गुडघाभर पाण्यात उतरून झऱ्याभोवती दगडांचा आडोसा करायला घेतला, म्हणजे गरम पाणी त्यात लवकर मिसळणार नाही. कादंबरी तिला दगड देत होती. तेवढ्यात वरून पावलं वाजली. शुभाकाकू काठी टेकत, एका हाताने झुडपं धरत उतरत होत्या.

"अगं, तू कशाला आलीस? पाय घसरेल!" काका उठले.

"बघू तरी, काय एवढं आहे ते." काकू पाण्याच्या काठाशी आल्या, वाकल्या. मासे खाणाऱ्या घरातल्या त्या. मासा कसा दिसतो, ताजा कसा, शिळा कसा, हे त्यांना सांगायला नको होतं. त्या खूप वेळ वाकून पाहत राहिल्या.

"कासावीस झालेत बिचारे," त्या म्हणाल्या. मग सरळ झाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, काढून टाका ना हे."

"काय?"

"बांध. आणखी काय?"

काका काकूंकडे पाहतच राहिले. "शुभा, तुझं तळं आहे ते."

"माझं?" काकूंना खरंच नवल वाटलं. "मी कधी मागितलं होतं?"

"तूच म्हणाली होतीस, मोती तलावाची आठवण येते म्हणून."

"हो, येत होती. संध्याकाळी आम्ही बहिणी-बहिणी तलावाला फेरी मारायचो. अख्खा गाव भेटायचा तिथे. कोण नवीन लग्नाची, कोण माहेरपणाला आलेली. त्याची आठवण यायची मला. पाण्याची कशाला येईल? इथे तुम्ही रानात पाणी साठवून दिलंत. फेरी मारली तर भेटायला कोण, कॅनडाची बदकं?"

मेगनला शब्द कळत नव्हते, पण ती दगड हातात धरून थांबली होती. कादंबरी पाण्याकडे पाहत राहिली. दुसरीकडे कुठे बघावं ते तिला कळेना.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" काकांचा आवाज बारीक झाला.

"तुम्ही किती खुशीत होतात. रविवार आला की गमबूट घालून निघालात तळ्यावर. दवाखान्यातून यायचात ते चेहरा पाडून, आणि तळ्यावरून परत यायचात ते शीळ घालत. मला वाटलं, हे तुमचंच खेळणं आहे. माझं नाव आपलं द्यायचं म्हणून दिलंय."

काका खुर्चीत बसले, मग उठले, आणि सावकाश घराकडे चढून गेले. काकू त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाल्या, "लागलं त्यांना." मग कादंबरीला, "तू नको घाबरू. मी बघते." आणि स्वतःच काकांच्या खुर्चीत बसून बगळ्यावर लक्ष ठेवायला लागल्या.

त्यानंतर काकांचा फोन आला नाही. उन्हाची लाट ओसरली, एक वळवासारखी सर येऊन गेली, झऱ्याजवळचे मासे पांगले. त्यातले काही मेले, बरेचसे जगले. कादंबरी मनातून अस्वस्थ होती. बांधापेक्षा तिला त्या दोघांचीच काळजी लागून राहिली होती. आपण दोन थर्मामीटर ठेवले आणि एका संसारात नको ते ढवळून काढलं की काय? नकुलने समजावलं, "पन्नास वर्षांचा संसार आहे. तळ्याने नाही मोडायचा." तिला ते पटलं आणि नाहीही पटलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला दोघं अचानक तिच्या ऑफिसात उगवली. काकूंच्या हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी कढीपत्त्याची जुडी. इंडियन स्टोअरला आलो होतो, म्हटलं डोकावून जावं, असं काकू म्हणाल्या. काकांनी खुर्ची ओढली.

"मी चार दिवस हिच्याशी बोललो नाही," त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"तीन," काकू म्हणाल्या. "चौथ्या दिवशी चहात साखर नाही म्हणून बोललात."

"ओके, तीन. मग विचार केला. ही माझ्यासाठी गप्प बसली, मी हिच्यासाठी बांध राखला, आणि त्रास कुणाला? त्या माशांना. हे काही बरोबर नाही. सांग, कुठे सही करायची?"

कादंबरी कामात चोख होती. तिने सगळं नीट सांगितलं. परवानग्यांना वर्ष लागेल. तळं सुटलं की आधी नुसता चिखल दिसेल, वासही येईल. हिरवळ यायला वेळ लागेल. आणि मासे वर जातील अशी आशा आहे, पण ती शब्द देऊ शकत नाही.

"माझ्या पेशंटना मीही हेच सांगायचो," काका म्हणाले. "पहिला दगड मात्र मी काढणार."

"आणि काठाकाठाने वर जायला मला एक पायवाट हवी," काकू म्हणाल्या. "रुंद. दोघांना बरोबरीने चालता येईल अशी."

पुढच्या उन्हाळ्यात काम निघालं. मासे अंडी घालायला लागण्याच्या आत ते उरकायला हवं होतं. आधी आठवडाभर पाणी हळूहळू उतरवलं. तळ्यातले सनफिश आणि कासवं उचलून दुसरीकडे सोडली. मग डेल नावाचा माणूस पोकलेन घेऊन आला. काकांनी नारिंगी जॅकेट आणि हेल्मेट चढवलं होतं. पहिला दगड त्यांनी निवडून ठेवला होता, पण तो काही त्यांना हलेना. डेलने अदबीने पोकलेनच्या बकेटचं टोक त्याखाली टेकवलं, काकांनी वरून हात लावला, दगड सुटला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेमकं कुणी काढला हे कुणी विचारलं नाही.

दुपारपर्यंत पाण्याने आपली वाट धरली. चिखल खरवडत खरवडत ते खाली गेलं आणि त्याखाली जुना ओढा निघाला. गोल गोल दगड, जसेच्या तसे, इतकी वर्षं दबून राहिलेले. नवीन पात्र खणायचा आराखडा कादंबरीने तयार ठेवला होता. तो अर्धा गुंडाळून ठेवावा लागला, कारण ओढ्याला स्वतःचा रस्ता बरोबर माहीत होता. मेगन छातीपर्यंत येणाऱ्या रबरी पोशाखासकट चिखलात बसकण मारून नाचल्यासारखे हात हलवत होती.

काका एका बाजूला उभे होते. कादंबरी त्यांच्याजवळ गेली. "काका, वाईट वाटतंय का?"

"थोडं," ते म्हणाले. "पण बघ ना, ओढा किती आवाज करतोय. मला वाटलं होतं, सगळं उघडं-बोडकं, शांत शांत होईल."

त्या वर्षी ऑक्टोबर सुरेख होता. मेपलची पानं लाल होऊन ओढ्यात तरंगत होती, जिथे तळं होतं तिथे गुडघाभर गवत आलं होतं. काकूंची पायवाट अजून कच्चीच होती. कादंबरी नेहमीच्या पाहणीला आली तेव्हा दोघं तिच्याबरोबर निघाली. जुन्या तळ्याच्या बरंच वर, हेमलॉकच्या झाडांच्या सावलीत, बारीक खडी असलेल्या एका उथळ जागी ती एकदम थांबली आणि तिने हात आडवा केला.

खडीवर एक मादी होती. ती कुशीवर वळायची, शेपटीने खडी झटकायची, पुन्हा सरळ व्हायची. धुऊन पांढरी झालेली खडी ताटाएवढ्या गोलात चमकत होती. शेजारी नर, पोट केशरी पेटलेलं, दुसऱ्या एका नराला हुसकावून परत जागेवर येत होता.

"घर करतेय," काकू कुजबुजल्या.

"अंडी घालणार," कादंबरी म्हणाली. "हिवाळाभर खडीत राहतील. मार्चच्या सुमाराला पिल्लं."

"ही खालूनच आली कशावरून?" काकांनी विचारलं. "वर आधीपासून राहणारी पण असेल ना?"

"असू शकेल. मागच्या वर्षी याच जागेवर मी पाहिलं होतं, तेव्हा इथे कुणी नव्हतं. अंगावर मात्र गाव लिहिलेलं नसतं, काका."

"म्हणजे प्रूफ नाही."

"नाही. पुढच्या वर्षी जास्त कळेल."

"पुढच्या वर्षी," काका समाधानाने म्हणाले, जणू कुणी त्यांना त्यासाठी आमंत्रणच दिलं होतं. त्यांनी एक आडवं पडलेलं झाड पाहून त्यावर बूड टेकलं. काकूंनी त्यांच्या शेजारी बसून शाल दोघांच्या गुडघ्यांवर पसरली. मादी पुन्हा कुशीवर वळली, आणि काका नकळत "हां, हां, शाब्बास" असं म्हणून गेले.

कादंबरी पानांवर पालथी पडली, हनुवटी हातावर टेकून, पाण्याच्या अगदी जवळ. पाण्याचा गारवा चेहऱ्यावर येत होता. खिशातला फोन थरथरला. ऑफिसात मीटिंग होती आणि मेगन विचारत होती, कुठे आहेस? तिने एका हाताने लिहिलं, उशीर होईल. कारण काही लिहिलं नाही, आणि फोन परत खिशात सरकवून दिला.